मालिकेचा कर्ता कोण?

१

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘स्टार प्रवाह’ वाहिनीवर ‘दख्खनचा राजा ज्योतिबा’ ही मालिका सुरू झाली. महेश कोठारे यांच्या निर्मितीसंस्थेची ही मालिका कोल्हापूरच्या चित्रनगरीत, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या जोतिबा डोंगरापासून काही कोसांवरच, चित्रित होत होती. ती सुरू होऊन फार काळ लोटला नाही तोच डोंगरावरील ग्रामस्थ आणि पुजारी यांच्यातून आक्षेप पुढे आला : मालिकेतील कथा ‘केदारविजय’ ग्रंथाला धरून नाही. हा आक्षेप भाविकांचा होता आणि भावना दुखावल्याची नेहमीची भाषाही त्यात होती. परंतु त्याचा गाभा निराळा होता. एक संहिता दुसऱ्या संहितेशी ताडून पाहिली गेली होती. कोणता प्रसंग मूळ ग्रंथात आहे, कोणता नाही, याचा विचार झाला होता. पाठचिकित्सेचे जे काम विद्यापीठांतील मराठी विभागांनी करावयाचे, ते आपल्या पद्धतीने आणि आपल्या गरजेपुरते डोंगरावरच्या लोकांनी केले. साहित्यसमीक्षेचा आवाज या वादात ऐकू आला नाही.

या मौनाचे समर्थन सहज करता येते. दैनंदिन मालिका हे साहित्यच नव्हे, तेव्हा तिच्याविषयी साहित्यसमीक्षेने काय बोलावे? मात्र हे समर्थन जितके सोयीचे आहे तितके खरे नाही. लाखो मराठी घरांत रोज संध्याकाळी ऐकली जाणारी मराठी ही या मालिकांची मराठी आहे. दैवतकथांचा परिचय आज पोथीपेक्षा पडद्यावरून अधिक होतो. हा सगळा व्यवहार ‘व्यवसाय’ या एका शब्दात गुंडाळून बाजूस सारला, की उरलेल्या जागेत दोनच निकष शिल्लक राहतात : पोथीशी इमान आणि प्रेक्षकसंख्येचा आकडा. जोतिबाच्या वादात नेमके हेच घडले.

त्या वादातील सर्वांत साधा प्रश्न असा होता : कथा कोणी बदलली? त्याचे उत्तर देणे कठीण होते, आणि ते केवळ कोणी जबाबदारी टाळत होते म्हणून नव्हे. दैनंदिन मालिकेच्या रचनेतच या प्रश्नाला उत्तर नसते. कथा एकाची, कथाविस्तार दुसऱ्याचा, पटकथा तिसऱ्याची, संवाद चौथ्याचे, आणि या सर्वांवर मान्यतेची मोहोर वाहिनीची. मराठी समीक्षेपाशी अशा कर्तृत्वाचे वर्णन करणारी परिभाषा नाही. ती का नाही, आणि ती नसण्याची किंमत काय, हा येथील वादविषय आहे.

२

पहिला मुद्दा परंपरेचा. ‘जेथे एक लेखक नाही तेथे साहित्यकृती नाही’ हे गृहीतक मराठी समीक्षेत इतके खोलवर रुजले आहे की ते कोणी मांडण्याचीही गरज भासत नाही. कलावादी आणि जीवनवादी यांची भांडणे पिढ्यान् पिढ्या चालली. पण कृतीच्या मागे एक मन असते याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. एकाला त्या मनातील सौंदर्यानुभव हवा होता, दुसऱ्याला त्या मनाची सामाजिक बांधिलकी. पुढे बार्थच्या निबंधामुळे (१९६७) लेखकाच्या मृत्यूची वार्ता मराठीतही पोचली आणि चर्चासत्रांत तिचे यथासांग श्राद्ध घातले गेले. अभ्यासक्रमातील प्रश्नपत्रिका मात्र ‘अमुक लेखकाची जीवनदृष्टी’ याच वळणावर राहिल्या. लेखक मेला तो तत्त्वात. व्यवहारात त्याचेच राज्य चालू राहिले.

गंमत अशी की, मराठीच्या गद्याचा आरंभच या गृहीतकाला छेद देणारा आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी सिद्ध केले ते एकट्याच्या प्रतिभेने नव्हे. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांशी पडताळून तो ग्रंथ उभा राहिला. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा बांधला गेला, आणि ज्यांची स्मृती भिन्न होती त्यांचे पाठभेद ‘वासना’ म्हणून नावांसह नोंदवले गेले. हिराइसेचा पाठ निराळा, परशरामबासांचा निराळा. येथे समूहाने लिहिले, आणि समूहातील मतभेद पुसून टाकला नाही. म्हणजे समूहकर्तृत्व मराठीला परके नाही. मराठीत त्याची एक नैतिक शिस्तही होती : कोणी काय सांगितले हे लिहून ठेवण्याची.

अलीकडची उदाहरणे घेतली तरी हेच दिसते. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास गेलेली ‘प्रभात’ ही भागीदारांची कंपनी होती. तिच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद तुकारामांचाच अभंग म्हणून इतके रूढ झाले, की जाणकारही ते गाथेत शोधू लागले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) छापील पुस्तकात एक आहे, आणि दादा कोंडके रंगमंचावर त्यात रोजच्या घडामोडींची भर घालून जे करीत ते दुसरे. मराठी नाट्यसमीक्षेने हाताळावयास सोपे म्हणून पुस्तक हाताळले. जे हसू प्रत्यक्षात उमटत होते त्याचा अर्धा कर्ता तिच्या नोंदीबाहेर राहिला.

३

समूहलेखन कृतीचा रूपबंध कसा घडवते हे पाहावयाचे तर दैवतकथेच्या मालिकेपेक्षा प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजे ‘सिटकॉम’, अधिक उपयोगी पडते. दैवतकथेत परंपरेने आणलेले काय आणि लेखकांनी घडवलेले काय यांची सरमिसळ असते. सिटकॉममध्ये पूर्वपरंपरेचे ओझे नसते, त्यामुळे लेखनाच्या संघटनेचे ठसे तिच्यावर स्वच्छ उमटतात.

या प्रकाराला समूहाची गरज प्रथम संख्येमुळे पडली. अमेरिकेतील ‘आय लव्ह ल्यूसी’च्या पहिल्याच हंगामात (१९५१-५२) ३५ भाग झाले, आणि ते जेस ओपेनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल यांनी मिळून लिहिले. याउलट इंग्लंडमध्ये जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी लिहिलेल्या ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ या दोन खेपांत मिळून १२ भाग झाले. जेथे १२ भाग पुरतात तेथे दोन डोकी पुरतात. जेथे वर्षाला तीस-पस्तीस लागतात तेथे खोलीभर माणसे लागतात. त्या खोलीची एक कार्यपद्धती आहे. कथानकाची मोडणी सर्वांनी मिळून करावयाची, पहिला खर्डा एकाने लिहावयाचा, मग तो मेजावर ठेवून सर्वांनी ओळ न् ओळ पुन्हा लिहावयाची, नटांच्या वाचनानंतर जेथे हशा आला नाही तेथे पुन्हा हात फिरवावयाचा. भागावर नाव खर्डा लिहिणाऱ्याचे राहते. त्यातील सर्वांत चांगले वाक्य कदाचित शेजारच्या खुर्चीतल्याचे असते.

या पद्धतीतून तीन गोष्टी घडतात, आणि त्या तिन्ही रूपाच्या आहेत. पहिली, पात्र हे कोणा एकाच्या अंतर्दृष्टीचे अपत्य राहत नाही. ते समूहातील करार बनते. ‘हा माणूस असे बोलणार नाही’ हे वाक्य लेखकाच्या मनात नव्हे, मेजाभोवती उच्चारले जाते आणि तेथेच त्याचा निवाडा होतो. म्हणून सिटकॉममधील पात्रे कमालीची सुसंगत असतात, आणि म्हणूनच ती बदलत नाहीत. बदल हा कराराचा भंग ठरतो. दुसरी, प्रत्येक भाग जेथे सुरू झाला तेथेच परत येतो. हे वर्तुळ केवळ प्रेक्षकाच्या सोयीचे नाही. पुढील आठवड्याचा खर्डा दुसऱ्या हाती जाणार असतो, आणि त्या हाती घर जसेच्या तसे सोपवावे लागते. तिसरी, विनोदाचा पहिला श्रोता दुसरा विनोदकार असतो. त्यामुळे वाक्ये तासली जातात, नेम अचूक होतो. परंतु ज्यात एकट्या माणसाचे रेंगाळणे आहे, विषय सोडून भलतीकडे जाण्याचा आनंद आहे, तो विनोद त्या खोलीत टिकत नाही.

ही हानी मराठी वाचकास परिचित आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचा विनोद मुख्यतः निवेदनातला आहे. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, आणि आपण काय सांगून बसलो हे त्याच्या ध्यानी येत नाही. जोशी १९६३ साली निवर्तले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आले, तेव्हा दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने चिमणराव दिसू लागला, पण निवेदक नाहीसा झाला. त्याच्या अज्ञानातून निघणारा उपरोध आता गुंड्याभाऊच्या चेहऱ्यावर, घरातल्यांच्या प्रतिक्रियांवर वाटून द्यावा लागला. पुढे स्वतः प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या दैनंदिनीवजा सदरावरून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली निघाली, तेव्हाही असाच प्रवास घडला : वहीतला एकांत दिवाणखान्यातल्या संभाषणात उतरला. या रूपांतरांना ‘मूळ कृतीचे सौम्यीकरण’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. ते चूकही आहे. एकवचनी विनोद बहुवचनी झाला, की त्याचे व्याकरण बदलते. समीक्षेने ते व्याकरण लिहावयाचे असते. मूळ पुस्तक हाती धरून गुण वजा करीत बसणे हे तिचे काम नव्हे.

या खोलीची स्मृतीही साहित्यात कशी आली ते पाहण्यासारखे आहे. सिड सीझरसाठी १९५०च्या दशकात एका खोलीत लिहिणाऱ्या मंडळींत मेल ब्रूक्स होते, नील सायमन होते. त्या दिवसांवर सायमन यांनी नाटक लिहिले ते १९९३ साली, एकट्याच्या नावाने. समूहाचे लेखन साहित्याच्या दारात उभे राहिले ते समूहातील एकजण एकटा झाल्यावरच. एककर्तृत्वाचा पूर्वग्रह हा काही केवळ मराठी समीक्षेचा दोष नव्हे. पण दुसऱ्याचा दोष हे आपल्या दोषाचे समर्थन होत नाही.

४

आता मराठी दैनंदिन मालिकेकडे वळले, की एक महत्त्वाचा फरक दिसतो. येथे खोली नाही, साखळी आहे. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेहून अधिक भाग होतात. इतक्या वेगात मेजाभोवती बसून पुनर्लेखन करण्यास अवकाश उरत नाही. कथेची दिशा ठरवणारा पटकथाकारास दिशा देतो, पटकथाकार प्रसंगांचा क्रम लावून पुढे धाडतो, संवादलेखक त्या प्रसंगांना तोंड देतो. दर आठवड्याचा आकडा आला की दिशा पुन्हा बदलते. साखळीतील प्रत्येकजण मागच्याने दिलेले घेतो आणि पुढच्याकडे देतो. सर्वांनी मिळून एका वाक्याकडे पाहण्याचा क्षण येईलच असे नाही.

हा फरक कायद्याच्या भाषेतही सापडतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) व्याख्येनुसार, ज्या सहयोगात एका लेखकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा नसतो, ती संयुक्त कर्तृत्वाची कृती. खोलीत लिहिलेला सिटकॉम या व्याख्येत बसू शकतो. कथा, पटकथा, संवाद अशी वाटणी आधीच झालेली साखळी त्यात सहजी बसत नाही. पहिल्यास एकजीव कर्तृत्व म्हणावे आणि दुसऱ्यास जोडकर्तृत्व. दोहोंना ‘टीमवर्क’ हे एकच नाव देऊन कौतुक करणे म्हणजे दोहोंपैकी कशाकडेच न पाहणे होय. अमेरिकेतील पटकथाकारांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत खोलीत किमान किती लेखक असावेत ही मागणी होती, आणि त्याविषयीची तरतूद करारात आली. त्यांना जे कळले ते असे की, खोलीचा आकार हा वेतनाइतकाच लेखनाचा प्रश्न आहे. खोली लहान झाली, की मालिका वेगळी लिहिली जाते.

मराठीत खोलीच्या जवळ जाणारे काही आहे ते तालमीत. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधील प्रहसने हा काटेकोर अर्थाने सिटकॉम नव्हे, पण तीच ती पात्रे पुन्हा पुन्हा येतात. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्याभोवती जमलेल्या या मंडळींत समीर चौघुले किंवा प्रसाद खांडेकर यांच्यासारखे लिहिणारेच करणारे आहेत. त्यामुळे वाक्याची परीक्षा कागदावर न होता तोंडावर होते. या विनोदात जे बळ आहे ते बतावणीच्या वळणाचे आहे, आणि जो दोष आहे, म्हणजे प्रत्येकाची ठरलेली लकब आणि ठरलेला हशा, तोही त्याच वळणाचा आहे. समीक्षेने येथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

याच ठिकाणी एका प्रतिवादास उत्तर देणे आवश्यक ठरते. समूहलेखनाची बाजू घेणारे काहीजण म्हणतात की, मालिका हेच आजचे लोकसाहित्य. तेथेही कर्ता अनाम, तेथेही श्रोता निर्णायक. ही तुलना आकर्षक आहे आणि घातक आहे. याकोबसन आणि बोगातिर्येव्ह यांनी १९२९ सालीच लोकसाहित्याचे लक्षण सांगितले होते : एखादी रचना समाजाने स्वीकारली तरच ती जगते, समाजाचा हा पूर्वनियंत्रणाचा हक्क हेच लोकनिर्मितीचे मर्म. प्रेक्षकसंख्येचा आकडा हा त्या हक्काचा आभास आहे. आकडा एवढेच सांगतो की घरात संच चालू होता. ओवी ऐकणारी बाई उद्या ती ओवी स्वतः म्हणते, बदलून म्हणते, आणि तिच्या बदलाने ओवी पुढे जाते. मालिका पाहणाऱ्याला मालिका पुढे सांगण्याचा अधिकार नसतो. त्याला फक्त उठून जाण्याचा अधिकार असतो. श्रोत्याचा सांगणारा होणे जेथे थांबले, तेथे लोकसाहित्य थांबले. जोतिबाच्या चैत्र यात्रेतील सासनकाठ्यांकडे पाहिले तरी हा भेद स्पष्ट होतो. पहिल्या मानाची काठी सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीची. त्यामागून आपापल्या क्रमाने गावोगावच्या काठ्या. तेथे समूह आहे, पण अनामिकता नाही. प्रत्येक काठीला गाव आहे, क्रम आहे, मान आहे. मालिकेच्या श्रेयनामावलीला यातले काहीच नाही; भागाच्या शेवटी ती वाचताही येणार नाही अशा वेगाने सरकते.

५

आता जोतिबाच्या वादाकडे पुन्हा पाहता येईल. कोठारे यांच्याच संस्थेची ‘जय मल्हार’ ही मालिका २०१४ ते २०१७ या काळात चालली. खंडोबाच्या कथेत म्हाळसा आणि बाणाई यांचे सवतीभांडण आहे, आणि वाघ्या-मुरळीच्या गाण्यांनी ते हसतखेळत जपले आहे. रोज नव्याने पेटणारे आणि रोज मिटणारे घरगुती भांडण म्हणजे सिटकॉमचे यंत्रच. दैनंदिन मालिकेला जे लागते ते त्या परंपरेने आधीच सिद्ध ठेवले होते. जोतिबाची कथा या जातीची नाही. रत्नासुराचा वध, कोल्हासुराविरुद्ध अंबाबाईस साहाय्य, दक्षिणेचे राज्य : ही पराक्रमाची कथा आहे. राक्षसाचा वध एकदाच होतो. मालिका रोज व्हावी लागते. मधले दिवस भरून काढण्यासाठी जे रचावे लागते, ते पोथीत असण्याचे कारणच नाही. म्हणजे ‘केदारविजय’पासून होणारी फारकत ही कोणा एका लेखकाच्या अश्रद्धेतून किंवा अज्ञानातून येण्याची गरज नव्हती, लेखनाची संघटना आणि भागांची संख्या मिळून ती अटळ करीत होती.

हे विवेचन त्या वादात कोणी केले असते तर काय साधले असते? भाविकांना एवढे तरी कळले असते की, त्यांचा प्रश्न ‘हे खोटे का दाखवले’ एवढाच नसून ‘हे रोज का दाखवावे लागते’ असाही आहे. लेखकांना एवढे मिळाले असते की, पोथीचा भंग हा एकच आरोप आणि लोकप्रियता हा एकच बचाव या कोंडीतून बाहेर येऊन आपल्या कामाची चर्चा करता आली असती. पोथी हीही एक रचना आहे, अनेक कथनांतून निवडून बांधलेली. ज्या गावांच्या काठ्या डोंगरावर येतात त्या गावांतही दैवताच्या कथा आहेत, आणि त्या सगळ्या अक्षरशः एकसारख्या असण्याचे कारण नाही. हे म्हणण्याचा अधिकार आणि साधने ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी मौन बाळगले, की पोथी ही एकमेव संहिता ठरते आणि पुढच्या वेळी कोणतीही मालिका, कोणतेही नाटक, कोणतीही कादंबरी याच एका मापाने मोजली जाते. मालिकेला साहित्य न मानणाऱ्या समीक्षेने हे माप साहित्यालाही लागू होईल याची तयारी ठेवावी.

यावर उपाय अवघड नाहीत. फक्त प्रतिष्ठेचे नाहीत. पहिला, श्रेयनामावली वाचणे. एखाद्या मालिकेचा पटकथाकार वा संवादलेखक बदलल्यावर तिची भाषा, प्रसंगांची लांबी, विनोदाची जागा यांत काय फरक पडला, हा संशोधनाचा रास्त विषय आहे आणि एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास तो सहज पेलेल. दुसरा, संहिता जमवणे. खर्डे, प्रसंगक्रम, सुधारलेल्या प्रती : ही या काळाची हस्तलिखिते आहेत. जुन्या बाडांतील पाठभेदांवर हयात घालवणाऱ्या परंपरेला ही बाडे जपण्याजोगी वाटू नयेत हे आश्चर्य आहे. ज्या कोल्हापुरात चित्रपटाची परंपरा, चित्रनगरी आणि विद्यापीठ या तिन्ही गोष्टी एका गावात नांदतात, तेथून या कामास आरंभ व्हावा हे स्वाभाविक ठरेल. तिसरा, परिभाषा घडवणे. एकजीव आणि जोड, खोली आणि साखळी, करार आणि आज्ञा या भेदांवाचून समूहकर्तृत्वाविषयी काहीही नेमके बोलता येत नाही.

‘लीळाचरित्रा’च्या संकलकांपुढे अडचण अशीच होती : सांगणारे अनेक, स्मृती भिन्न, मूळ प्रत हाती नाही. त्यांनी त्यातून एक स्वर निवडून बाकीचे गप्प केले नाहीत. कोणाचा पाठ कोणता हे लिहून ठेवले. त्यांच्यापाशी समूहाने लिहिण्याची लाज नव्हती आणि समूहाआड लपण्याची सोयही नव्हती. सातशे वर्षांनंतर मराठी समीक्षा जर ‘कर्ता एक नाही, म्हणून कृती नाही’ असे म्हणत असेल, तर ती आधुनिक झाली असे म्हणता येणार नाही. आपल्याच पहिल्या गद्यग्रंथाचा धडा ती विसरली आहे.